हळदीखालचं पान

आमच्या पोथीचं शेवटचं पान माझ्या आधी कुणी वाचलेलं नव्हतं. निदान अण्णांच्या आठवणीत तरी नाही. आणि आता ते कुणाला वाचता येणारही नाही, कारण ते मी माझ्या हातानं पुसलं. ही गोष्ट लिहून काढावी असं बरीच वर्षं मनात आहे. लिहायला बसते, चार ओळी झाल्या की उठते, पाणी पिते, खिडकी लावते, परत उघडते.

मी तेव्हा वाशीच्या एका कॉलेजात एफ.वाय.बी.ए.ला होते. सानपाड्याचं नवं स्टेशन सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली होती आणि त्याच्या आसपास बिल्डिंगा उठत होत्या. आम्ही मात्र सानपाडा गावात, मागच्या आळीतल्या एका भाड्याच्या खोलीत राहायचो. अण्णा म्हणजे माझे वडील. ते तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होते. आई तिथेच कांदे निवडायला जायची. दोघांच्याही घराण्यात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. त्यामुळे खोलीत कसलाही कागद आला, लाईटचं बिल असो की लग्नपत्रिका, तो माझ्या हातात यायचा आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसायचे. मला त्याची लाज वाटायची. थोडा गर्वही वाटायचा, हे कबूल केलं पाहिजे.

घरात जुनी म्हणावी अशी एकच वस्तू होती, ती पोथी. साताऱ्याकडे आमच्या गावच्या डोंगरावर एका बाबांची समाधी आहे. त्यांच्या चरित्राचे एकवीस अध्याय, लांबट सुटी पानं, सगळी हातानं लिहिलेली. अण्णांच्या आजोबांनी ती गावच्या मास्तरांकडून उतरवून घेतली होती. छापील अशी ती कुठेच मिळत नाही. अण्णा गाव सोडून कामासाठी इकडे आले तेव्हा दोन कपडे आणि लाल फडक्यात बांधलेली पोथी, एवढंच घेऊन आले होते. दर श्रावणात आमच्या गावचे आणि शेजारच्या वाड्यांचे, मार्केटात गोण्या वाहणारे दहा-बारा जण संध्याकाळी हातपाय धुऊन आमच्या खोलीत जमायचे. रोज एक अध्याय व्हायचा.

वाचायची रीत अशी की एकानं ओवी वाचायची आणि थांबायचं, मग दुसऱ्यानं तिचा अर्थ सांगायचा. अर्थ अण्णा सांगायचे. अण्णांना अक्षरओळख नव्हती. सही यायची, तीही चित्र काढावं तशी. पण दिवसभर ओझी वाहून आलेला हा माणूस मांडी घालून बसला की त्याचा आवाजच वेगळा व्हायचा. ओवी दोन ओळींची असायची आणि अण्णांचा अर्थ दहा मिनिटांचा. त्यात ओढ्याकडची वाट यायची, गाभण म्हैस यायची, मार्केटातला मुकादमसुद्धा यायचा. माणसं हसायची, मग अचानक डोळे पुसायची. एरवी अण्णांना कुणी काही विचारत नसे. मार्केटात ते 'ए, तू' होते.

आधी ओव्या वाचायला आमच्या गावचेच एक सातवी शिकलेले गृहस्थ होते. त्यांची कंबर गेली आणि ते गावी परतले.

"आता वाचनार कोन?" जमलेल्यांतल्या सगळ्यात वयस्क माणसानं विचारलं. त्यांना सगळे तात्या म्हणायचे.

अण्णांनी माझ्याकडे बोट केलं.

"बाईमानसानं पोथी वाचायची?"

"सरस्वती काय बापय हाय व्हय, तात्या?"

तात्यांनी तंबाखू मळता मळता विचार केला. "वाचू दे. पन दमानं. ही कालिजातली पोरं निम्मी अक्षरं खात्यात."

अशी मी पोथी वाचायला लागले.

शेवटच्या पानाचं असं होतं. समाप्तीच्या दिवशी ते पान पाटावर ठेवायचं, त्यावर प्रत्येकानं हळदकुंकू वाहायचं आणि वर तुळशीपत्रानं पाणी शिंपडायचं. बाबा त्या पानात बसलेत, असं अण्णा म्हणायचे. तीन पिढ्यांनी असं केल्यावर पानाचं काय होणार? ते पापडासारखं कडक झालं होतं, लाल-पिवळ्या खपलीनं भरलं होतं, आणि त्यावर एकही अक्षर दिसत नव्हतं. वाचणारा तिथपर्यंत आला की पोथी कपाळाला लावून गप्प व्हायचा. पुढचं अण्णा तोंडानं सांगायचे, त्या पानावर तळवा टेकवून. "हे समदं हितं लिवलंय."

गोष्ट अशी होती. दुष्काळ पडला, बाबांनी आपल्या वाटचं धान्य वाटून टाकलं आणि ते गुहेत जाऊन बसले. म्हणाले, आता दार लावून घ्या. दाराला जो धोंडा लावायचा होता तो पाच जणांना हलेना. तेव्हा वाटेनं पाठीवर मिठाची गोण घेऊन चाललेला एक हमाल थांबला. त्यानं गोण उतरवली आणि एकट्यानं धोंडा उचलला. आतून बाबा म्हणाले, "हळू ठेव रे, माझं बोट सापडंल." तो हमाल म्हणजे आमचा पूर्वज. "बाबांनी त्याला वर दिला," अण्णा शेवटी सांगायचे, "तुझ्या घरात कुनाची मान वज्ज्यानं दुखनार न्हाई." या वाक्याची सगळे वर्षभर वाट बघायचे. ते दहा-बारा जण त्या वेळी ताठ बसलेले असायचे.

अण्णांची मान दुखायची. रात्री मीच त्यांना बाम चोळून द्यायचे. पण ती गोष्ट आणि ही मान, यांचा एकमेकींशी काही संबंध आहे असं मला लहानपणी कधी वाटलंच नाही.

ते वाटायला लागलं कॉलेजात गेल्यावर. आमचे इतिहासाचे सर प्रत्येक गोष्टीला तीन प्रश्न विचारायला लावायचे. हे कोण सांगतंय? कधी सांगतंय? त्याला कसं कळलं? मला ते प्रश्न इतके आवडले की मी ते सगळीकडे विचारत सुटले. शिवाय त्याच सुमारास मला लायब्ररी सापडली. सेक्टरातल्या एका बिल्डिंगखालच्या गाळ्यात कोकणातले एक रिटायर झालेले काका पुस्तकं भाड्यानं द्यायचे. एका कपाटावर 'इतिहास व रहस्य' अशी चिठ्ठी होती, दुसऱ्यावर 'धार्मिक', तिसऱ्यावर 'संकीर्ण'. पहिल्या कपाटातली पुस्तकं मी अधाशासारखी वाचली. एका रात्रीत ओस पडलेलं शहर, कुणालाच न वाचता आलेली लिपी, बर्फात गेलेली आणि परत न आलेली माणसं, किल्ल्यातून कुठेतरी निघणारं आणि कुठेच न पोचणारं भुयार. काकांचा नियम होता की इतिहासाचं एक पुस्तक नेलं तर पुढचं धार्मिक न्यायचं.

"एकाच कपाटातलं वाचलंस तर मान एकीकडं वाकडी होईल गो," ते म्हणायचे.

मी दोन्ही न्यायचे. बसस्टॉपवर उभी राहून हे वाचायचे, जेवताना ते. एकात म्हटलेलं असायचं, विश्वास ठेव, मग दिसेल. दुसऱ्यात म्हटलेलं असायचं, आधी बघ, मग विश्वास ठेव. मला दोन्ही वाचताना पटायचं आणि पुस्तक मिटलं की काहीच पटायचं नाही. अंथरुणावर पडलं तरी पाय हलत राहायचे. आई म्हणायची, "पाय हलवू नगं, दळिद्र येतं."

त्या श्रावणात हा सगळा गोंधळ एका जागी येऊन थांबला, ती जागा म्हणजे हळदीखाली झाकलेलं ते पान. दूरदेशीची रहस्यं वाचून मी अस्वस्थ होत होते आणि एक रहस्य आमच्या देव्हाऱ्यात, लाल फडक्यात पडलं होतं. अण्णा सांगतात ते खरंच तिथं लिहिलंय का? लिहिलेलं निघालं असतं तर मी सरांना सांगणार होते, की बघा, आम्हालाही इतिहास आहे आणि तो लेखी आहे. नसलं तर काय, हा विचार मी केला नाही असं नाही. अर्धाच केला.

एकदा पुस्तक बदलताना मी काकांना विचारलं, "एखाद्या पानावर काय आहे ते कुणीच वाचलेलं नाही, तरी एक माणूस ते सांगतो. तर ते खरं धरायचं का?"

"सांगतो कसा? चांगला?"

"खूप चांगला."

"मग वाचायला कशाला जातेस?"

"काका, खरं का ते विचारतेय मी."

"ते मला काय विचारतेस? मी पुस्तकं भाड्यानं देतो. खरी-खोटी बघायला लागलो तर गाळा रिकामा व्हायचा." मग माझा चेहरा बघून त्यांनी 'संकीर्ण'मधून एक पुस्तक काढून दिलं. जुने लेख कसे शोधतात आणि वाचतात, याच्यावरचं होतं ते.

त्यात शिलालेखांवर एक प्रकरण होतं. शतकानुशतकांचं तेल आणि शेंदूर बसून बुजलेली अक्षरं पाण्यानं आणि मऊ कुंचल्यानं कशी हळूहळू मोकळी करतात, ते वर्णन मी तीनदा वाचलं. शेंदराखालून अक्षर वर येतं तो क्षण लेखकानं असा काही लिहिला होता की मला रडू आलं. पण ते सगळं दगडाबद्दल होतं. ते मी कागदाला लावलं.

समाप्तीला तीन दिवस उरले होते. दुपारची वेळ होती. अण्णा आणि आई मार्केटात होते. मी आंघोळ केली, देव्हाऱ्यापुढे हात जोडले आणि पोथीचं फडकं सोडलं. शेवटचं पान ताटात ठेवलं. कापूस पाण्यात बुडवून पिळला आणि एका कोपऱ्यावर अगदी हलक्या हातानं फिरवला. कापूस पिवळा झाला. दुसरा बोळा घेतला, तो लाल झाला. चौथ्या-पाचव्या बोळ्याला खपली निघाली आणि खाली काळी रेघ दिसली. पानाच्या वरच्या भागात अक्षरं दिसायला लागली, आधीच्या पानांसारखीच गोल, मास्तरी वळणाची.

मी मोठ्यानं वाचलं. "येथून पुढील पाने मूळ पोथीत नाहीत. ज्यास ठाऊक असेल त्याने लिहून काढावी."

एवढंच होतं. त्यात धोंडा नव्हता, हमाल नव्हता, बाबांचं बोट नव्हतं. पोथी उतरवणाऱ्या मास्तरांनी पुढे येणाऱ्या कुणासाठी तरी लिहून ठेवलेला निरोप होता तो. त्या निरोपावर तीन पिढ्या हळदकुंकू वाहत होत्या.

खाली अजून काही आहे का बघावं म्हणून मी कापूस पुढे नेला आणि तेव्हा लक्षात आलं की वरची अक्षरं राखाडी होऊन खाली सरकताहेत. ती काजळाची शाई होती. पाणी लागलं की ती कागदावर थांबतच नाही. मी ओढणीनं टिपायला गेले तर ओढणीवर उलटी अक्षरं उमटली आणि पानावर काहीच राहिलं नाही. पान पंख्याखाली धरलं. वाळल्यावर त्यावर एक मळकट पिवळा डाग उरला, चहा सांडल्यासारखा.

मग सुचलं. हळदीचा डबा काढला, वाटीत पाणी घालून हळद कालवली. पुन्हा जाड लेप द्यायचा, वर कुंकू दाबायचं, उन्हात ठेवायचं, बस. कुणी वाचणारं नव्हतंच. पुढची शंभर वर्षं कुणाला कळलं नसतं. वाटी हातात घेतली आणि तेवढ्यात आई आली. तिच्या केसांत कांद्याची सालं अडकलेली होती.

"काय करतीस गं?"

मी सगळं सांगितलं. आईनं पान हातात घेतलं नाही, लांबूनच बघितलं. तिनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं. ती खाली बसली, वाटीत बोट घालून हळद बघितली आणि म्हणाली, "आनिक घट कर. पातळ झालीया."

"आई!"

"आई काय? लाव गप. वर्षातनं एक दिस लोकं तुझ्या अण्णाचं ऐकत्यात. त्येवढं एकच हाय त्येचं. ते बी काढून घेनार हायेस?"

"पण त्यात ते लिहिलेलंच नाही."

"कुनाला पायजे लिवल्यालं?"

मी हळद लावली नाही आणि लावणार नाही असंही म्हटलं नाही. पान परत फडक्यात बांधलं. वाटीतली हळद आईनं संध्याकाळी आमटीत घातली.

ते दिवस आठवले की अजून बसवत नाही. संध्याकाळी अध्याय वाचायचे आणि माझी जीभ अडखळायची. तात्या म्हणायचे, "आज पोरीनं अक्षरं न्हाई, समदी ओवीच खाल्ली." अण्णा माझी बाजू घ्यायचे. "अभ्यास लई आसतोय तात्या, डोकं दुखतंय तिचं." हे ऐकून आणखी मेल्यासारखं व्हायचं. मी तीनदा सांगायचा प्रयत्न केला. एकदा कॉलेजला निघताना दारात, पण अण्णा चप्पल घालून निघालेच. एकदा त्यांना चहा देताना. आणि एकदा त्यांच्या मानेला बाम चोळताना.

"अण्णा, समाप्तीचं ते पान..."

"हां, बरी आठवन केलीस. औंदा मुकादम येनारे ऐकायला. त्येला कुनीतरी सांगितलंय धोंड्याचं." ते हसले तशी हाताखालची त्यांची मान हलली. डाव्या बाजूला एक गाठ होती, सुपारीएवढी. "लाईट जरा उजेडाचा लावू म्हंतोय. दोन सतरंज्या आन खालच्या बिऱ्हाडाकडनं मागून."

मी सतरंज्या मागून आणल्या.

समाप्तीला खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मुकादम भिंतीला टेकून बसले होते, पांढरे कपडे घालून. मी एकविसावा अध्याय वाचला. दुष्काळ आला, धान्य वाटून झालं, बाबा गुहेकडे निघाले. तिथं ओव्या संपल्या. मी पोथी कपाळाला लावली. अण्णांनी पाट पुढे सरकवला.

"पान ठेव."

मला उठून पळून जावंसं वाटलं. आई चुलीकडून माझ्याकडे बघत होती. मी पान पाटावर ठेवलं.

मग तात्या वाकले. "आरं, ह्ये काय? हळद कुठं गेली?"

"मी पुसली," मी म्हणाले. "खालची अक्षरं वाचायला. पाणी लावलं आणि शाईपण गेली. माझ्यामुळं गेली. पुस्तकात दगडाचं लिहिलं होतं, मला वाटलं कागदाला चालेल." मी एका श्वासात बोलत होते आणि थांबता येत नव्हतं.

"कालिजात जाऊन पोथी धुवायला शिकली व्हय?" तात्या म्हणाले. "आन साबन? साबन लावलावतास का न्हाई?"

मागे कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. अण्णा पानाकडे बघत होते. त्यांनी तळवा पुढे केला, टेकवला मात्र नाही.

"काय लिवलं हुतं?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न येईल हे मला कसं सुचलं नव्हतं, कळत नाही. सगळ्यांना वाटलं होतं की आता अण्णा माझ्यावर रागावणार. पण अण्णांना ते पान वाचलेला एक माणूस पहिल्यांदा भेटला होता. मी नुसतं "धोंड्याचं" म्हटलं असतं तरी चाललं असतं. पानावर काही उरलं नव्हतं, दुसरा साक्षीदार नव्हता. अण्णांचे डोळे माझ्यावर होते आणि मला वाटतं त्यांना तेच ऐकायचं होतं.

"येथून पुढील पाने मूळ पोथीत नाहीत," मी म्हणाले. "ज्यास ठाऊक असेल त्याने लिहून काढावी."

"आन?"

"एवढंच वाचता आलं."

"धोंडा?"

मी नाही अशी मान हलवली.

प्रसादाचा शिरा गार होत होता. तात्यांनी तंबाखूची पुडी काढली आणि परत ठेवली. "मग इतकी वर्सं तू सांगतुयास, त्यो धोंडा कुठला रं?" हे त्यांनी कुजकेपणानं विचारलं नाही. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. पण अण्णांचा चेहरा बघवेना.

अण्णांनी पाटावरचं पान सरळ केलं. मग खाकरले.

"माझा आज्जा सांगायचा," ते म्हणाले. "त्येला त्येच्या बानं सांगितलावता. पानात हाय आसं मला वाटायचं, कारन आज्जा बी पानावर हात ठेवूनच सांगायचा. त्येला बी वाचता येत नव्हतं." ते थांबले. "ऐकायचं आसंल तर सांगतो. न्हाईतर परसाद घ्या."

"सांगा की," मुकादम भिंतीजवळून म्हणाले.

अण्णांनी सांगितलं. नेहमीसारखं नाही. अडखळत, मध्येमध्ये 'आज्जा म्हनायचा' असं जोडत. दुष्काळ, पाच जण, मिठाची गोण. "हळू ठेव रे, माझं बोट सापडंल." मग ते वाक्य यायची वेळ झाली आणि सगळे नेहमीसारखे ताठ झाले. अण्णांचा हात मानेकडे गेला.

"वर दिला म्हनत्यात," ते म्हणाले. "पन मान दुखती बाबांनो. आज्ज्याची बी दुखायची. मी रगडायचो त्येची."

मग तात्या हसायला लागले, तोंडावर टॉवेल धरून, आणि म्हणाले, "तरी म्हनलं, वर मिळाल्याला मानूस माझा बाम का मागतुया!" सगळी खोली हसली. शिरा वाटला गेला. अण्णा हसले नाहीत.

त्यानंतर आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. कामावरून यायचे, जेवायचे, भिंतीकडे तोंड करून पडायचे. मी बामाची बाटली घेऊन जवळ बसले तर म्हणायचे, "ऱ्हाऊ दे." मी लायब्ररीत जाणं बंद केलं. काकांची दोन पुस्तकं कपाटावर पालथी पडून होती, त्यांच्याकडे बघवत नव्हतं. कॉलेजात सरांनी कशावर तरी तीन प्रश्न विचारले तेव्हा मी वहीवर रेघोट्या मारत बसले. खरं बोलल्यावर मन शांत होतं असं 'धार्मिक'मधल्या एका पुस्तकात वाचलं होतं. माझं झालं नाही.

नवव्या दिवशी रविवार होता. अण्णांनी खिशातून चार घड्या घातलेला एक फूलस्केप कागद काढला आणि माझ्यापुढे टाकला.

"लिव."

"काय?"

"ज्याला ठाऊक त्येनं लिवावं म्हनलंय न्हवं मास्तरनं? मला ठाऊक हाय. मला लिवता येत न्हाई, तुला येतंय. लिव."

ते सांगत गेले आणि मी लिहीत गेले. पहिल्याच ओळीला भांडण झालं. मी 'असे सांगतात' असं लिहिलं आणि वाचून दाखवलं.

"कोन सांगत्यात? शेजारी सांगत्यात व्हय? आज्जा सांगायचा. आज्जा लिव."

मी आजोबा लिहिले. त्यांना कुणी सांगितलं तेही लिहिलं. सरांच्या तीन प्रश्नांची उत्तरं अण्णांनी न विचारताच दिली, शेवटचं सोडून. त्या पहिल्या सांगणाऱ्याला कसं कळलं, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. तेही लिहायला लावलं. वराचं वाक्य आलं तेव्हा ते थांबले. बोटानं मानेवरची गाठ चाचपली. "वर दिला म्हनत्यात, आसं लिव. आन फुडं लिव, मान दुखती." सगळ्यात शेवटी मी विचारलं, "मी पान पुसलं, ते लिहू?"

"लिव की. न्हाईतर फुडच्याला वाटंल उंदरानं खाल्लं."

दुसऱ्या दिवशी कामावरून येताना तो कागद घेऊन ते स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले आणि लॅमिनेशन करून आणला. दुकानदारानं कडा जरा वाकड्या कापल्या होत्या. अण्णांनी तो प्लास्टिकमधला कागद उजेडाकडे धरला, वरून अंगठा घासला, नखानं ओरबाडून बघितला.

"आता लावा म्हनावं, किती हळद लावायची ती," ते म्हणाले, आणि माझ्यापुढे पाठ करून बसले. मी बाम आणला.

पुढच्या श्रावणात समाप्तीला मी तो कागद वाचला. आता त्यावर हळदकुंकू वाहतात, तुळशीचं पाणी शिंपडतात आणि दुसऱ्या दिवशी आई ओल्या फडक्यानं पुसून ठेवते. पुसताना ती माझ्याकडे बघते. धुतलेलं जुनं पान टाकून द्यावं असं मी एकदा म्हणाले होते. अण्णांनी ऐकलं नाही. ते लाल फडक्यात सगळ्यात खाली आहे, मळकट, कोरं. तात्या होते तोवर पाया पडताना आधी त्याच पानाच्या पडायचे.

मला एक गोष्ट अजून सतावते. त्या दोन ओळी फक्त मी वाचल्या, ओल्या कागदावर, अक्षरं सरकायच्या आधी, एकदाच. सगळे माझ्या शब्दावर विश्वास ठेवून चालले. मी नक्की तेच वाचलं का? मध्येच उठून ती ओढणी शोधते, तिच्यावर उलटी अक्षरं उमटली होती. आईनं ती केव्हाच धुतली.